अप्पा सरांच्या डिस्कची वाटणी

सर्व सुजाण नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, लातुरातल्या आमच्या कॉलेजात एक गृहस्थ असे आहेत, ज्यांच्या डब्यातल्या ठेच्याला आणि भाकरीला जेवायला बसेपर्यंत एकमेकांचं तोंड पाहायची परवानगी नाही.

हे अप्पा सर. शिकवतात कॉम्प्युटर. मी मराठीचा माणूस. लिनक्स म्हणजे मशीन चालवणारी यंत्रणा, हे मला त्यांच्यामुळं कळलं, म्हणजे नको असताना कळलं. लॅबमधल्या मोठ्या मशीनच्या डिस्कचे त्यांनी भाग पाडलेत. यंत्रणेच्या फायली एका भागात, मशीनच्या रोजच्या नोंदी दुसऱ्यात, पोरांचं काम तिसऱ्यात. "सोयरीक ठेवावी, पण चूल येगळी ठेवावी," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. "यंत्रणा बिघडली तर पुसून नवी टाकता येती. पोरांच्या केसाला धक्का न्हाई." लग्नाच्या पंगतीत हा माणूस जिलबीला मठ्ठ्याचा वारा लागू देत नाही.

यंदा पवार मॅडम कॉम्प्युटरच्या विभागप्रमुख झाल्या. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर, नवं सॉफ्टवेअर टाकायला बसल्या, तर मशीन म्हणालं, जागा नाही. सरांना चहाला बोलवायला मी तेव्हा लॅबमध्येच आलो होतो.

"अहो सर, अर्धी डिस्क रिकामी दिसतेय!"

"हाय की. पण ती पोरांची हाय."

"आणि यंत्रणेचा भाग गच्च भरलाय, त्याचं काय?"

"त्यानं अंथरूण पाहून पाय पसरावेत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आता असे तुकडे कुणी पाडत नाही, सर. यंदाच्या पोरांचं काम मी दुसरीकडं काढून ठेवलंय. बाकीचं पुसा आणि सगळी डिस्क एक करा."

अप्पा सर उठले आणि एसटीला आडवं व्हावं तसे मशीनपुढं उभे राहिले. मॅडमनी शेजारच्या पडद्यावर पोरांचा भाग उघडला. कधीच पास होऊन पुण्या-हैदराबादला गेलेल्या पोरांची फोल्डरं. कुणाचा अर्धवट कॅल्क्युलेटर, कुणाचा बाराचा पाढाही चुकणारा प्रोग्रॅम.

"लई लाघवी पोरगं हे," सर एका नावावर बोट ठेवून म्हणाले.

"मग पेनड्राइव्हवर घ्या आणि घरी न्या."

"घरी कशाला? पोरं आली तर कॉलेजात येतील."

मॅडमचा आवाज जरा उतरला. "सर, यातला एक तरी तुम्हाला फोन करतो का?"

मला वाटलं, आता चुलीचं प्रवचन सुरू होणार. पण सर एकदम साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"करत न्हाईत! म्हणून तर त्यांचं हितं ठेवलंय!"