दर रविवारी चार बोटं

राळेगावात आमच्या अंगणात एक ग्रह होता, आणि तो नेमका माझ्या बाजेखालून जायचा.

हे शेजारच्या काशीराव मास्तरांचं काम. मास्तर शाळेत भूगोल शिकवत, मी कापसाच्या जिनिंगमध्ये टायपिस्ट. दोन बिऱ्हाडांत मिळून अंगण एकच, मध्ये कडुनिंब. एकोणीसशे साठच्या आसपास मास्तरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये बारक्या ग्रहांचा थवाच्या थवा फिरतो. त्यातल्या एकाला क्रमांक पडलाय, पण नाव अजून कोणी ठेवलेलं नाही. काचेवर घेतलेल्या फोटोत तारे ठिपक्यांसारखे आले आणि ह्याची तेवढी बारीक रेघ उमटली, म्हणून सापडला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दिसता तर लांबून बघून भागलं असतं.

त्याऐवजी मास्तरांनी निंबाला सूर्य केलं, भोवती चुन्याची लांबट रेघ ओढली आणि तिच्यावर मुठीएवढा काळा दगड ठेवला. खऱ्या ग्रहाला एका फेरीला चार वर्षांच्या वर लागतात, म्हणून दगड दर रविवारी चार बोटं पुढे. वाटेत येईल ते हलायचं. आमचं मिरच्यांचं वाळवण हललं, माझी सायकल हलली. बहिणीला बघायला सोयरे आले, तर मास्तरांनी नवरदेवाच्या बापाला पाय वर घ्यायला लावले. सोयरीक जमली, पण त्या व्याह्यांचं हसणं अजून थांबलेलं नाही. मी चिडलो की मास्तरांचं एकच पालुपद, "त्याले घाई नाही, तुमाले कायची?"

घाई नव्हती तर पत्रं कशाला? नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा, हे कळल्यापासून मास्तरांनी त्या परदेशी गृहस्थाला पत्रं लिहायचा सपाटा लावला. टाइप करणार मी, जेवणाच्या सुट्टीत, उपाशीपोटी. सात पत्रं झाली. प्रत्येकात विनंती एकच, ग्रहाचं नाव गिरजा ठेवावं. ही गिरजा कोण, असं विचारलं की मास्तर चष्मा पुसत बसायचे. त्यांच्या पत्नीला, सुलोचनाबाईंना, यातलं काही सांगू नका, एवढं मात्र बजावायचे. मला नाही नाही त्या शंका येऊ लागल्या.

दीड वर्षानं उत्तर आलं. सभ्य, चार ओळींचं. नाव ठरून गेलं होतं. त्या गृहस्थानं आपल्या गावाचं दिलं होतं. मास्तरांनी पत्र दोनदा वाचून खिशात ठेवलं. त्या रविवारी दगड जागचा हलला नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, म्हणून आणखीच राग आला. त्यांचं त्यांना लखलाभ, आपल्या दगडाचं बारसं आपण करू, असं मी वैतागून बोलून गेलो. मास्तरांनी ते खरंच धरलं.

पुढच्या रविवारी निंबाखाली पाट मांडला. दगडाला आंघोळ घातली. आत सुलोचनाबाई कपाळावर हात मारत बारशाच्या घुगऱ्या शिजवत होत्या. आत्या म्हणून माझ्या बायकोला धरून आणलं. आत्यानं कानात नाव सांगायचं. पण दगडाला कान कुठून आणायचा? ती बिचारी ओणवी झाली, इकडेतिकडे पाहिलं, आणि एकदाचं उरकावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "गिरजा!"

आतून "ओ" आलं.

सुलोचनाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. निंबाकडे, फाटकाकडे, सगळीकडे पाहिलं. "कोन आलं माह्या माहेरचं?"

त्यांच्या माहेरचं आता कोणी उरलं नव्हतं. शेवटचा भाऊ गेला त्याला तीन वर्षं झाली होती. मास्तर दगडाकडे बघत हळूच म्हणाले, "लग्नात ताटातल्या तांदळावर सुलोचना म्याच लेहलं. मास्तरच्या घरात जुनाट नाव कायले, म्हून. म्याच पुसलेलं नाव आता म्या कोन्या तोंडानं घेऊ?"

मला माझ्या शंकांची लाज वाटली.

बाई पायरी उतरून आल्या. पाटावरचा दगड उचलून त्यांनी पदरानं कोरडा केला आणि रेघेवर आधी होता त्याच जागी नेऊन ठेवला. मग खाली बसून बोटं मोजत तो पुढे सरकवू लागल्या. "मागचा आयतवार चुकला," त्या म्हणाल्या. "आज आठ बोटं."

आठव्या बोटावर माझ्या बाजेचा पाय होता. मी बाज उचलली.