उंदीर नर होता का मादी?

आरोग्याची कुठलीही बातमी मोहगावकर मॅडमना सांगा, त्या चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "उंदीर नर होता का मादी?"

रायपूरच्या पुरानी बस्तीत त्या आमच्या शेजारी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. विसरभोळेपणावरचं नवं औषध उंदरांना लागू पडलं, असं मी एकदा कौतुकानं सांगितलं. झालं! "सगळे नर घेतले असतील. मादीचा मेंदू काय भाड्याचा आहे?"

मग मेंदूतल्या आधारपेशींवर व्याख्यान. "चेतापेशी म्हणजे नवरदेव, घोड्यावर मिरवून राहिला. आधारपेशी म्हणजे मांडवातल्या बाया. खाऊ घालणं, झाडझूड, सारं त्यायच्याच अंगावर. अन् बाईच्या डोक्यात त्या वेगळ्या वागतात. म्हणून काही आजार बाईलेच जास्त धरतात. पण पाहतो कोण?" दारावरची भाजीवाली यावर "हव दीदी" म्हणून वांगी तोलायची.

यंदा गणपतीत, मंडळाच्या कार्यक्रमात, मी त्यांची नक्कल केली. चष्मा कपाळावर चढवला, बाप्पापुढचा मातीचा उंदीर उचलला आणि विचारलं, "हा नर का मादी?" हॉल खो खो हसला. तिसऱ्या रांगेतल्या मॅडमनीही टाळ्या वाजवल्या. मग मधूनच उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. त्यांची धाकटी बहीण कुसुमताई उन्हाळ्यात बिलासपूरहून आली, ती त्यांच्याकडेच राहिली होती. तिची तब्येत बरी नसते, एवढंच आम्हाला ठाऊक. ती पलंगावर उशांना टेकून होती, हात थरथरत होते. मॅडम तिला खिचडी भरवत होत्या.

"काल मधूनच उठले, राग नको मानू," मॅडमच मला म्हणाल्या. "हिच्या जेवणाची वेळ झाली होती."

मी विचारलं, "कधीपासून हे?"

"विशीपासून. पाय लटपटायचे, डोळ्यापुढे धूसर व्हायचं. डॉक्टर म्हणे, पोरीचे नखरे आहेत, लग्न लावून द्या. मेंदूतल्या नसांवर आधारपेशी जे आवरण घालतात, तेच झिजून राहिलं होतं, ते कितीतरी वर्षांनी कळलं." त्यांनी खिचडी कालवली. "मी तवा एमएस्सी करून राहिली होती. मीच हिले म्हटलं, नाटक बंद कर. थापड मारली."

कुसुमताईनं चमचा ओठांनीच बाजूला सारला. जड जिभेनं म्हणाली, "एकच मारली होती, ताई. किती जणांले सांगशील?"

मॅडमनी पदरानं तिची हनुवटी पुसली. मान वर केली नाही.

माफीचं वाक्य मी घरून पाठ करून आणलं होतं. ते तसंच परत घेऊन आलो.