बांधाच्या वशाचं उद्यापन

एका जंगलात, मुलांनो, राजा जन्माला येत नसे, निवडून येत असे. हसू नका. पूर्वी असं होत असे.

दर पाच पावसाळ्यांनी सगळे प्राणी जमत आणि आपल्या आवडीच्या उमेदवारापुढे पळसाचं एक पान टाकत. ज्याच्यापुढे पानांचा ढीग मोठा, तो राजा. पान टाकलं की सगळे घरी जात आणि पाच पावसाळे निवांत झोपत. राज्य कसं चाललंय ते बघायला राजा होताच की.

या खेपेला अस्वल राजा झालं होतं. राजेसाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना मध आवडायचा, आणि खाताना कुणी काही विचारलेलं आवडायचं नाही, एवढंच.

त्या जंगलात एक तळं होतं आणि तळ्याला मातीचा मोठा बांध होता. बांधाखाली खडीची मोकळी जागा, पुढे सशांची बिळं, हरणांचं कुरण, म्हणजे सगळी वस्तीच म्हणा ना. बांधाच्या वरच्या अंगाला, डोंगरावर, फक्त राजाची गुहा.

खडीत एक टिटवी राहायची. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, उघड्यावरच अंडी घालते. एका आषाढात बांध एका बाजूने खचला आणि तिची चारही अंडी पाण्याबरोबर गेली. राजेसाहेब स्वतः येऊन म्हणाले, "फार वाईट झालं." मग परत गेले.

टिटवी घोरपडमावशीकडे गेली. मावशी बांधावरची सगळ्यात जुनी रहिवासी. एकदा धरलं की सोडायची नाही, अशी तिची ख्याती.

"मावशी, पुढच्या वर्षी मी अंडी कुठे घालू?"

"तिथेच घाल. पण वसा घे."

"कसला?"

"बांधाचा. दर सोमवारी अंघोळ करून बांधाला फेरी घालायची. प्रत्येक खेकड्याच्या बिळात पाय घालून ओल बघायची. मग डोंगर चढून राजाला एक प्रश्न विचारायचा. एकच, पण उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही. आणि राजाच्या दारी काही खायचं नाही. गुळाचा खडासुद्धा नाही."

"असे किती सोमवार?"

"बांध आहे तोवर," मावशी म्हणाली.

पहिल्या सोमवारी दोघीच होत्या. दुसऱ्या सोमवारी साळिंदर आलं. साळिंदर दिवसा झोपणारं, त्यामुळे सगळी फेरी जांभया देत झाली, पण झाली. मग ससे आले, हरणं आली. कुणी बोलावलं नव्हतं. फाल्गुन लागेपर्यंत सोमवारी डोंगराची वाट भरून जायला लागली.

"बांध बरा आहे का, राजेसाहेब?" ते विचारत.

"तुम्हीच मला निवडलंत ना? मग पुन्हा पुन्हा काय विचारता?" राजेसाहेब म्हणत.

"निवडलं म्हणूनच विचारतो," टिटवी म्हणे. "दुसऱ्या कुणाला विचारणार?"

ही मंडळी उठेनात. मध वाळायला लागे. शेवटी राजेसाहेबांनी बांधावर दोनदा नवी माती टाकून घेतली, कारण उत्तर शोधण्यापेक्षा ते सोपं होतं.

तिसऱ्यांदा माती टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या प्रधानाला बोलावलं. प्रधान होतं उदमांजर. चालताना त्याचा आवाज येत नसे आणि बोलताना राग येत नसे.

"या सोमवारवाल्यांवर बंदी घाला," राजेसाहेब म्हणाले.

"नको महाराज. बंदी घातली की व्रत आणखी कडक होतं. उपास करणाऱ्याला 'खा' म्हटलं तर तो पाणीसुद्धा सोडतो. त्याला म्हणावं, तुझं व्रत पूर्ण झालं. आणि पान वाढावं."

हे मात्र त्याने खरं सांगितलं, मुलांनो. ज्यांच्या घरात व्रतं होतात त्यांना ठाऊक आहे.

पुढच्या सोमवारी मंडळी गुहेपाशी आली तर दाराला आंब्याचं तोरण. समोर केळीची पानं मांडलेली, पानांवर चूर्म्याचे लाडू.

"अभिनंदन," उदमांजर म्हणालं. "सोळा सोमवारांत देव पावतो. तुमचे तर सोळा होऊन किती पुढे गेले. वसा फळला. आज त्याचं उद्यापन, राज्याच्या वतीने."

"आमच्या वशात सोमवार मोजायचे नव्हते," टिटवी म्हणाली.

"ताई, उद्यापनाशिवाय व्रताचं फळ मिळत नाही. उलट दोष लागतो. तुम्ही जाणत्या, मी काय सांगू."

दोष म्हटल्यावर हरणं चुळबुळ करायला लागली. साळिंदर लाडवांकडे बघत म्हणालं, "तुपाचा वास तर चांगला आहे." सगळे मावशीकडे बघायला लागले. मावशीने आयुष्यात पुष्कळ उपास केले होते, पण तोरण बांधून तिचं उद्यापन कुणी केलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ती पानावर बसली.

टिटवी उभीच राहिली.

जेवण झाल्यावर राजमान्य वसा मंडळ स्थापन झालं. मावशी अध्यक्ष. तिला बसायला डोंगरावर गुळगुळीत काळ्या दगडाचं आसन मिळालं. मंडळाची बैठक दर पौर्णिमेला, गुहेतच. प्रश्न आठ दिवस आधी प्रधानाकडे द्यायचा. प्रधान फक्त शुद्धलेखन बघणार. 'बांध बरा आहे का?' हा प्रश्न तपासून परत आला तेव्हा 'बांध इतका बरा कसा?' असा झाला होता. उत्तर द्यायला राजेसाहेबांना अजिबात त्रास झाला नाही.

टिटवी मात्र दर सोमवारी एकटी फेरी घालत राहिली. आषाढ आला. तळं काठोकाठ भरलं. तिने खडीत चार अंडी घातली.

आणि एका सोमवारी बांधाच्या पायथ्याशी, अंड्यांपासून दहा पावलांवर, तिला सुईएवढी पाण्याची धार दिसली.

ती डोंगर चढून गेली. राजेसाहेब मध खात होते.

"बाई, तू एकटी आलीस," ते म्हणाले. "एकटी म्हणजे तू आणि तुझी अंडी. ही तुझी घरगुती अडचण झाली. समाज घेऊन ये, मग ऐकतो."

ती समाज आणायला मावशीकडे गेली. मावशी दगडावर बसली होती.

"मावशी, बांध पाझरतोय."

"अगं, आज नवमी. बैठक पौर्णिमेला."

"बरं. पाण्याला तसं कळवते."

मावशी दगडावर जरा सरकून बसली.

टिटवी बांधावर गेली आणि ओरडायला लागली. टिटवीचं ओरडणं कसं असतं, ऐकलंय ना? कानात टाचण्या गेल्यासारखं. खाली सशांनी बिळांची तोंडं बुजवून घेतली. हरणं म्हणाली, ऐन सणावाराच्या दिवसांत हा कसला अपशकुन. उदमांजराने जाहीर केलं की बांध उत्तम आहे, फक्त अशा आवाजाने त्याला तडे जाण्याचा संभव आहे.

धार बोटाएवढी झाली. एक अंडं घरंगळून पाण्यात गेलं. टिटवी ओरडतच राहिली.

दुपारी साळिंदर तावातावाने आलं.

"टिटवे, भर दुपारी काय लावलंयस? डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"तुला नाही हाक मारली, भाऊ. कान असेल त्याला मारली."

"काय झालंय ते दाखव तरी."

तिने दाखवलं. जन्मभर बिळं खोदलेला प्राणी तो. त्याने पाण्यात पंजा घातला, आतली माती चाचपली आणि त्याची झोप उडाली.

"आतून पोकळ झालंय," ते म्हणालं, आणि बाजूची चिकणमाती उकरून लोटायला लागलं. थोड्या वेळाने थांबून म्हणालं, "हे बघ, मी मंडळाचा सदस्य आहे. मी इथे आलेलो नाही. कळलं?"

"कळलं."

मग चार ससे आले. ते म्हणाले, आम्ही सहज फिरायला आलोय. फिरता फिरता ते माती आणत होते. हरणं पाला घेऊन आली. वाटेत दिसला म्हणून उचलला, म्हणाली. आपण वसा पुन्हा धरलाय असं कुणीच कबूल करेना. पण माती टिकत नव्हती. टाकली की वाहून जायची. मोठा दगड हवा होता, आणि निसरड्या बांधाला चिकटून तो दाबून धरणारं कुणीतरी.

तेवढ्यात डोंगराच्या वाटेने काहीतरी घरंगळत आलं. काळा गुळगुळीत दगड. मागून धापा टाकत मावशी.

"मावशी, हे तर तुमचं आसन," साळिंदर म्हणालं.

"बसून बसून टोचायला लागलं होतं. लावा तिथे."

दगड भोकात बसला. मावशीने चारही पायांच्या नख्या बांधात रोवल्या आणि पोटाने दगड दाबून धरला. बाकीचे माती भरत होते. पाणी तिच्या तोंडावर उडत होतं. सूर्य मावळायला टेकला तेव्हा धार थांबली.

"मावशी, आता सोडा," टिटवी म्हणाली.

"एकदा सोडून बघितलं," मावशी म्हणाली. "पुरे."

खडीत तीन अंडी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी राजेसाहेबांनी जाहीर केलं, की एवढ्या पावसात बांध टिकला, यावरून राज्यकारभार किती भक्कम आहे ते दिसतं. टिटवीला विनाकारण ओरडल्याबद्दल समज देण्यात आली.

पुढच्या सोमवारी डोंगराची वाट पुन्हा भरली. उदमांजराने लांबूनच पाहिलं आणि घाईघाईने केळीची पानं मांडली.

"या, या. नव्या वशाचं उद्यापन करून टाकू."

"मांडलीत ती उचला, प्रधानजी," मावशी म्हणाली. "आम्ही जेवून आलोय. राजेसाहेब, बांध बरा आहे का?"

आणि सगळे खाली बसले. साळिंदर जांभई देत का होईना, पण बसलं.

तात्पर्य: मुलांनो, प्रश्न विचारणं हे थोरांचा मध वाळवणारं वाईट व्यसन आहे. ज्याला निवडून दिलं त्याच्यावर भरवसा टाकून स्वस्थ झोपावं, मानाचं आसन मिळालं तर त्यावरून उठू नये, आणि फार भीती वाटत असेल तर बांधाखाली राहूच नये. बांधाच्या वर एक घर आहे. ते सध्या रिकामं नाही.