सहा व्होल्टची ऊब

आमचे शेजारी सोनवणे कुणाच्याही घरी गेले की आधी विजेचा मीटर बघायचे. मग पालथ्या हाताने फ्रिजला शिवून शॉक लागत नाही याची खात्री करायचे आणि त्यानंतर ‘जयभीम’ किंवा ‘नमस्कार’, त्या घरात जे चालत असेल ते म्हणायचे. माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ बघायला मी त्यांना मोठ्या विश्वासाने बरोबर नेलं होतं. बाहेर पडताना म्हणाले, "मुलगा चांगला आहे पाटकर, पण घराला अर्थिंग नाही." लग्न झालं. अर्थिंगही झालं, कारण साखरपुड्याच्या आदल्या रविवारी सोनवण्यांनी स्वतः जाऊन मुलाकडच्या अंगणात खड्डा खणला आणि त्यात मीठ-कोळसा भरून दिला.

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मोटर वाइंडर होते. जळलेल्या मोटारीत तांब्याची तार पुन्हा भरायची, हे काम. माणसांपेक्षा त्यांचा विजेवर भरवसा जास्त. "करंट खोटं बोलत नाही," हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडायचं.

त्यांची मोटारसायकल विलायती, महायुद्धाच्या वेळची. उल्हासनगरचे कॅम्प जेव्हा खरोखर लष्कराचे होते, तेव्हाची म्हणे. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि हेडलाइटच्या डोक्यावर एक गोल काटा: बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते दाखवणारा. याच गाडीवरून ते रोज पहाटे बायकोला शाळेत सोडायचे. वहिनी सोनिवलीच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत पहिलीच्या बाई होत्या. त्यांचं अक्षर असं की पोरं फळ्यावरचा ‘अ’ बघून हात जोडायची बाकी होती.

पण ऐंशीचं दशक संपता संपता वहिनींच्या बोटांना संधिवाताने धरलं. बदलापूरच्या गारठ्यातून शाळेत पोचेपर्यंत बोटं पांढरी पडून आखडायची. खडू धरवेना. मुख्याध्यापक भले गृहस्थ, पण त्यांनीही सांगून टाकलं, "बाई, या थंडीत फळा जमला नाही तर पहिलीचा वर्ग दुसऱ्या बाईंना द्यावा लागेल. तुम्ही ऑफिसात बसा." त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत.

सोनवण्यांनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "गाडीवर गरम होणारा कोट करतो. हातमोज्यांसकट. गाडीच्याच करंटवर."

आमची बिल्डिंग पोट धरून हसली. अंबरनाथात लोक पंख्याखाली झोपतात आणि हा माणूस विजेचा कोट शिवतो! हसण्यात मीही होतो, खोटं कशाला बोलू?

लष्करी बाजारातला जाड खाकी कोट आला. इस्त्रीत असते तसली तापणारी तार आली. मोटारीत तार भरावी तशी ती सोनवण्यांनी अस्तरावर वळणावळणाने टाचली, वर वाइंडिंगची कापडी नळी चढवली. शिवायला ते कॅम्प चारच्या चंदूमास्टरकडे गेले. त्यांचा धंदा जीन्स शिवण्याचा. कोट उलटापालटा करून ते म्हणाले, "साईं, ये पहनने का है कि इसपे रोटी सेकने का?" पण शिलाई मारली झकास.

दोन महिने गेले. एका रविवारी गॅलरीत प्रयोग झाला. उसन्या सहा व्होल्टच्या बॅटरीला कोट जोडला आणि पाच मिनिटांत बिल्डिंगची मांजर त्यावर येऊन झोपली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. मग सोनवण्यांनी कोटाची तार गाडीला जोडली. गाडीचं विजेचं काम आजवर कॅम्प चारचा एक म्हातारा मिस्त्री करायचा. तो वारल्यामुळे बॅटरीच्या पेटीत सोनवण्यांचा हात पहिल्यांदाच गेला. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं गाडीच्या बॉडीला. संपलं काम.

सोमवारी संध्याकाळी मी विचारलं, "काय वहिनी, ऊब?"

"मस्त ऊब आहे हो," वहिनी म्हणाल्या.

सोनवण्यांची छाती फुगली. "आणि गंमत सांगू पाटकर? कोट चालू केला तरी काटा जागचा हलत नाही! गाडीला लोड कळतच नाही. याला म्हणतात वाइंडिंग."

आठवडाभर हेच कौतुक. रविवारी वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. "आज मी बसतो मागे," सोनवणे म्हणाले, "बघू तरी आपण काय चीज केलीय ते." कोट एकच, त्यामुळे त्यांनी तो गाडीवर कधी घातलाच नव्हता. मी पुढे बसलो, गियर समजून दोनदा ब्रेक दाबला आणि आम्ही पहाटेचे बदलापूरच्या रस्त्याला लागलो. माझे दात वाजत होते.

"थांब," अर्ध्या वाटेत ते म्हणाले. उतरले. हातमोजे काढून गालाला लावले. "पाटकर, हे गार आहे. बर्फ आहे."

तिथेच रस्त्याच्या कडेला त्यांनी बॅटरीची पेटी उघडली, तारेचा बॉडीपर्यंत माग काढला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या जुन्या विलायती गाड्यांचं सगळंच उलटं. बॉडीला जोडलेली असते ती बॅटरीची प्लस बाजू. म्हणजे सोनवण्यांनी कोटाची दोन्ही टोकं प्लसलाच बांधली होती! आठ दिवसांत त्या कोटात करंटचा थेंबही गेला नव्हता. काटा हलणार कशाला?

पण त्यांच्या मनाला चूक लागली नव्हती, दुसरंच लागलं होतं. "आठ दिवस ती माझ्या मागे अशी बसली," ते म्हणाले, "आणि रोज म्हणाली, मस्त ऊब आहे."

संध्याकाळी वहिनी परतल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्या आधी खाली बघत राहिल्या. "अहो, दोन महिने खपलात. गार आहे म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? शाळेत मावशींच्या चहाचा गरम पेला धरून बसायची, मग थोडंफार लिहिता यायचं."

सोनवणे तडक खाली गाडीपाशी गेले. एक टोक काढून त्यांनी मायनसला जोडलं, मध्ये फ्यूज टाकला.

सोमवारी पहाटे अख्खी बिल्डिंग शाली गुंडाळून फाटकाशी हजर. वहिनी कोट घालून मागे बसल्या. सोनवण्यांनी किक मारली, हेडलाइट लावला, मग कोटाचं बटण दाबलं. हेडलाइट एकदम पिवळा पडला आणि काटा सपकन डावीकडे, बॅटरी रिकामी होण्याच्या बाजूला झुकला.

"दिवा मंद झाला!" सोनवणे ओरडले. दिवा मंद झाला म्हणून एवढ्या आनंदाने ओरडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेवढ्यात वहिनी किंचाळल्या, "अगं बाई! चटका बसतोय!" आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाडीच्या चाकावर नारळाचं पाणीही शिंपडलं.

त्या दिवशी पहिल्या तासाला वहिनींनी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत अख्खा फळा भरला. मुख्याध्यापक दारात उभे राहून बघून गेले. वर्ग वहिनींकडेच राहिला, निवृत्तीपर्यंत राहिला. "करंट खोटं बोलत नाही," सोनवणे मला म्हणाले, "बाई बोलते."

पुढे एकदा वहिनी माझ्या बायकोपाशी तक्रार करत होत्या. "रोज बदलापूरच्या नाक्यावर गाडी थांबवतात. माझ्या हातमोज्यात हात घालून बघतात, गरम आहे का. मी सांगून विश्वासच नाही."

"मग? किती वेळ बघतात?"

"त्यांचे हात उघडेच असतात ना गं हँडलवर," वहिनी म्हणाल्या, "ते गरम होईपर्यंत मी काढू देत नाही."