बापूकाकांची पाठमोरी बाई

संग्रहालयात एखादा म्हातारा भिंतीला गाल चिकटवून, एक डोळा मिटून उभा दिसला असेल तर घाबरू नका. ते आमचे बापूकाका. दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या शेजारीच राहतात. स्वतः घडवलेली मूर्ती समोरून बघायची तर परवापर्यंत त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

तरुणपणी काकांनी चुनारच्या दगडात एक बसलेली बाई घडवली. मॉडर्न शिल्प, नाक नाही, डोळे नाहीत. संग्रहालयाने हौसेने घेतली आणि मजुरांनी तोंड भिंतीकडे करून बसवली. तेव्हापासून काका दर मंगळवारी अर्ज घेऊन जायचे. साहेब बदलायचे, उत्तर तेच.

"दादा, इसमें आगे-पीछे क्या?"

काका घरी येऊन तणतणायचे, "गाढवाला गुळाची चव काय! अरे, पाठ ती पाठच!"

या नादात माणूस पार कामातून गेला. चहाच्या मातीच्या कुल्हडलाही ते पुढची बाजू शोधतात. आमच्याकडे आले की आधी फडताळातला गणपती सरळ करतात, मग बसतात. हसू येतं, पण हसायची सोय नाही.

ती बाई म्हणजे काकू. थंडीत गच्चीवर मटार सोलत बसायच्या, तशाच घडवल्या. संग्रहालयात मात्र त्या कधीच गेल्या नाहीत. "माझीच पाठ बघायला रिक्षा करू होय? आधी सरळ करा, मग येते." काकांनी तेवढंच मनावर घेतलं होतं. पण दगड काही हलला नाही, आणि गेल्या माघात काकूच गेल्या.

परवा संग्रहालयाच्या नव्या मॅडमनी चार मजूर लावून अर्ध्या तासात मूर्ती फिरवली. काकांना निरोप आला, मी सोबत गेलो. काका समोर उभे राहिले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"अब तो खुश हैं न, दादा?" मॅडमनी विचारलं.

"जी. बड़ी मेहरबानी."

परतताना काका इतके भरभर चालले की गल्लीत मला धाप लागली. कुलूप काढलं, चपला कशाबशा भिरकावल्या आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन मोठ्याने म्हणाले, "अगं, फिरवली! चल, आवर लवकर, पाचला बंद होतं."

मी उंबऱ्यातच थांबलो. काका चौकट धरून तसेच उभे राहिले, बराच वेळ.  त्यांना बसा म्हणायचा धीर काही मला झाला नाही.