गूळ-पाण्याचा अहवाल

सन २००४च्या एप्रिलात भाट्ये येथील कमळाबाईंची विहीर खारट झाली. समुद्र नीट दिसावा म्हणून किनाऱ्यावरची वाळूची टेकडी आणि तिच्यावरचं केवड्याचं बन सपाट करण्यात आलं होतं. त्याप्रमाणे समुद्र नीट दिसू लागला, विहिरीतसुद्धा.

टेकडी पुन्हा उभारून केवडा लावला तर खारं पाणी जमिनीत शिरत नाही, अशी एक सरकारी योजना होती. अट एकच: पाणी खारट असल्याचं अधिकाऱ्याने स्वतः चाखून लिहावं. तपासणीचं यंत्र होतं, पण ते खाऱ्या हवेने गंजलं होतं.

पाहणी अधिकारी राजाभाऊ भर दुपारी आले. कमळाबाईंनी रीतीप्रमाणे आधी गुळाचा खडा दिला, मग तांब्या. राजाभाऊंनी खडा चघळला, वर पाण्याचा घोट घेतला आणि लिहिलं, ‘गोड.’

“सायेब, डाळीत मीठ घालावं लागत नाय हो आता.”

“तो बचतीचा विषय. त्याचा कक्ष वेगळा.”

अर्ज झाला. फेरतपासणी लागली.

“या खेपेला गूळ नको, काकू.”

“दारात आलेल्याला नुसतं पाणी? माझ्या सासूने वैऱ्यालापण दिलं नाय तसं.”

राजाभाऊ कोकणातलेच. त्यांना पटलं. ‘गोड, फेरतपासणीअंती.’

ज्याअर्थी विहीर गोड, त्याअर्थी टेकडी ‘अस्तित्वात नसतानाही समाधानकारक कार्य करीत आहे’, असं कार्यालयाने ठरवलं. केवड्याची चारशे रोपं लांज्याला रवाना झाली.

“लांज्याला समुद्र कुठाय?” कमळाबाईंनी विचारलं.

“म्हणून तर रोपांना धोका नाही.”

दारात फलक लागला: ‘आदर्श गोड विहीर’. पार चिपळुणाहून अभ्याससहली येऊ लागल्या. कमळाबाई स्वतःच्या पिण्याचं पाणी वरच्या वाडीतून कळशीने आणत आणि पाहुण्यांना विहिरीचं देत, गुळासकट.

शेवटी एका रविवारी त्यांनी मन घट्ट केलं. सासूच्या फोटोची क्षमा मागितली आणि पाहुण्यांपुढे नुसता तांब्या ठेवला. आता तरी कुणी खारट म्हणेल.

पहिल्या घोटाला सगळ्यांचे डोळे मिटले. मग ते उघडले, फलकाकडे गेले, एकमेकांकडे गेले. घोट गिळला गेला. शेरेबुक फिरलं.

पान चौदा, वरून तिसरी सही तुमची. ‘असं गोड पाणी आमच्याकडे नाही,’ असं लिहिलंत.

कमळाबाईंनी ते दोनदा वाचलं.

“आवडलं ना? मग लाजू नका,” म्हणत त्यांनी तांब्या पुन्हा काठोकाठ भरला.

तोही तुम्ही प्यायलात.