आत्या कुठेच गेली नव्हती

"आत्या, तू फक्त निवांत बस. बाकीचं माझ्यावर सोड!"

टकळीने हे कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, तेव्हा तिचा आवाज एखाद्या सेनापतीला शोभेल असा होता आणि अंगातला टी-शर्ट उलटा होता.

टकळी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. ती बोलायला लागली की सूत तुटत नाही, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. वय वर्षं पंधरा. चार दिवसांसाठी म्हणून आत्याकडे राहायला आली आणि पाचव्या दिवशी जगच बंद झालं! शाळा बंद, गाड्या बंद, विमानं बंद, कोपऱ्यावरचं दुकानसुद्धा अर्धं बंद. सगळीकडे साथ पसरलेली. चालू होतं ते फक्त टकळीचं तोंड.

पण खरी पंचाईत झाली ती आत्याची. आत्याचं कामच मुळी हिंडण्याचं! एकटी हिंडायची आणि "एक पिशवी, दोन पाय" या आपल्या ब्लॉगवर लिहायची. हॉटेलवाले आणि प्रवासकंपन्या त्यावर जाहिराती द्यायच्या, त्यावर तिचं घर चालायचं. साथ आली आणि आठवड्याभरात सगळ्यांची पत्रं आली. "आपल्या सहकार्याबद्दल आभार, परिस्थिती निवळल्यावर बोलू." शब्द इतके सारखे की एकाच माणसाने एकाच खुर्चीत बसून सगळी लिहिली असावीत!

उरली एकच बूटकंपनी. त्यांचं म्हणणं साधं होतं. बारा मंगळवार, दर मंगळवारी एक लेख, फोटोत आमचे नवे बूट. एकही मंगळवार चुकला नाही, तर वर्षभराचं काम तुमचं. बूट कुरिअरने आलेसुद्धा! आत्या ते मांडीवर घेऊन बसली होती, पाहुण्यांनी मागे सोडलेल्या बाळासारखे.

"बूट आले गं," ती म्हणाली, "पण जायचं कुठे? स्वयंपाकघरात?"

तेव्हाच टकळीचं लक्ष कपाटाकडे गेलं. आत एकोणीस वह्या. आत्या जाईल तिथे बसल्या जागी लिहायची, तेही असं की वाचणाऱ्याला वाटावं आपणच तिथे उभे आहोत. "आत्ता मी नदीत पाय सोडून बसलेय," "आत्ता एक शेळी माझी टोपी खातेय." यातलं निम्मंअधिक कधी ब्लॉगवर आलंच नव्हतं. टकळी दोन दिवस वह्यांत बुडून गेली. शेळीने टोपी पूर्ण खाल्ली का? नदी कुठली? मग काय झालं? आत्या उत्तरं देऊन देऊन दमली.

तिसऱ्या दिवशी बेत तयार होता. वह्यांतले बारा प्रवास निवडायचे, टाइप करायचे आणि ब्लॉगला वेळ लावून ठेवायची. मंगळवार उजाडला की लेख आपोआप बाहेर! गजर लावल्यासारखं.

"चालेल," आत्या म्हणाली. "पण प्रत्येकाच्या डोक्यावर स्पष्ट लिही, 'जुन्या वहीतून'. आणि बुटांचा फोटो खाली वेगळा."

"हो गं!" टकळी म्हणाली. आणि त्या क्षणी तिला तसं करायचंही होतं, शप्पथ!

पण लिहायला बसल्यावर तिला वाटलं, "जुन्या वहीतून" म्हणजे कसं, काल रात्रीची पोळी गरम करून वाढल्यासारखं. तिने ते काढलं. मग वाटलं, बूट खाली एकटेच उभे राहिलेले काय बघायचे? तिने बूट न्हाणीघराच्या फरशीवर ठेवले, वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि आत्याच्या जुन्या फोटोंत तिच्या जुन्या चपला पुसून तिथे हे नवे बूट चिकटवले. इतके बेमालूम की तिला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली! आत्या काही बघणार नव्हती. आपलं बाहेर आलेलं लिखाण वाचलं की तिला नुसत्या चुकाच दिसायच्या, म्हणून ती कधीच वाचायची नाही.

तीन मंगळवार झकास गेले. डोंगर, जंगल, वाळवंट. बूटकंपनीच्या माणसाने अंगठा पाठवला. चौथ्या मंगळवारी टकळीला इतकं स्फुरण चढलं की तिने लेख इमारतीच्या ग्रुपवर टाकला. "आमच्या आत्याचा ताजा लेख! वाचा आणि पुढे पाठवा!"

लेख असा होता.

"काल पहाटे मासळीबाजारात शिरले. इतकी गर्दी की पाय जमिनीला लागत नव्हते. एका कोळणीने माझ्या कपातला चहा पिऊन पाहिला आणि साखर कमी आहे म्हणाली. आज घरी पोचले. घसा पार बसलाय, थोडी कणकणही आहे. लिफ्टमध्ये आमचे सेक्रेटरीकाका भेटले. त्यांनी माझी बॅग स्वतः उचलून दारापर्यंत आणून दिली. अशी माणसं आहेत म्हणून घरी यावंसं वाटतं."

पाच मिनिटांत समोरच्या घरातून किंकाळी ऐकू आली. ती सेक्रेटरीकाकूंची होती. किंकाळीमागून बाल्कनीचं दार धाडकन लागल्याचा आवाज आला, आणि मग कडीचा. काका बाहेर, काकू आत!

आत्याचा फोन वाजला. बाल्कनीतून काकाच बोलत होते.

"ताई, मी तुमची बॅग कधी उचलली हो?"

आत्याला बिचारीला काय ठाऊक! ती खुलली. "अहो, उचलली होतीत की! तुम्ही विसरलात? केवढी जड होती! 'यात दगड भरलेत का' असं विचारलंत तुम्ही!"

"ताई, हळू बोला, स्पीकर चालू आहे!"

"आणि वर आल्यावर माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायलात!"

आतून दुसरी किंकाळी.

आत्याने फोन ठेवला आणि टकळीकडे पाहिलं. टकळी खिडकीच्या पडद्यावरची फुलं मोजत होती.

"दाखव," आत्या म्हणाली.

आत्याने चारही लेख वाचले. या वेळी चुका शोधाव्या लागल्या नाहीत.

"'जुन्या वहीतून' कुठाय?"

"ते... तात्पुरतं काढलं."

"ही बॅग त्यांनी दोन वर्षांपूर्वी उचलली होती. आणि हे पाय कुणाचे?"

"पाय तुझेच आहेत, आत्या! अगदी तुझेच. फक्त बूट जरा नंतर पोचले."

"टकळे, मी आजवर न गेलेल्या जागेबद्दल एक ओळ लिहिलेली नाही."

"पण तू गेली होतीस ना!"

"मी गेले होते. बूट गेले नव्हते."

टकळीच्या आयुष्यात पहिल्यांदाच सूत तुटलं.

आत्या ग्रुपवर खरं काय ते लिहायला बसली, तेवढ्यात दारावर टकटक झाली. अगदी हलकी. उघडून पाहिलं, तर दुसऱ्या मजल्यावरचे व्यायामशाळेवाले, तोंडाला दोन फडकी बांधून, सहा हात लांब.

"ताई, मी काही कुणाला सांगणार नाही," ते कुजबुजले. "फक्त एवढंच सांगा. पुढच्या गेटने की मागच्या?"

"काय?"

"बाहेर कशा पडलात? माझ्या पायांना मुंग्या आल्यात हो!"

ते गेले नाहीत तोच खिडकीशी एक टोपली लोंबकळत आली. चौथ्या मजल्यावरच्या आजींची. आत चिठ्ठी. "पुढच्या खेपेला जाशील तेव्हा केसांचा काळा रंग आण. सुनेला कळू देऊ नकोस." मग दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. "मला राग नाही आलेला, नुसतं कुतूहल आहे. पोलीस अडवत नाहीत का? आणि मासळी ताजी होती का?"

गंमत बघा! ग्रुपवर हीच मंडळी लिहीत होती, "हा बेजबाबदारपणा आहे! कडक कारवाई व्हावी!"

"आत्या," टकळी भीत भीत म्हणाली, "सगळ्यांना सांगितलंस तर बूटकंपनीलाही कळेल. मग वर्षभराचं काम?"

आत्याची बोटं थांबली. हाच तर पेच होता! गप्प बसावं तर इमारत डोक्यावर बसतेय, बोलावं तर शेवटचं काम हातचं जातंय.

तिने मधला मार्ग काढला. "मंडळी, हा प्रवास जुना आहे. काळजी नसावी," एवढंच लिहिलं. बुटांचं नाव नाही.

बाल्कनीतल्या काकांना दुसरं काही कामच नव्हतं. त्यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि गुप्तहेरासारखं लिहिलं, "प्रवास जुना, मग पायात हे बूट कसे? या बुटांचं खोकं साथ सुरू झाल्यावर आलेलं आहे. खाली सही करून मीच घेतलं होतं!"

बिचारे काका! दुसऱ्याला पकडण्याच्या नादात त्यांनी स्वतःलाच अडकवलं. कारण बूट नवे, तर प्रवास नवा, आणि प्रवास नवा, तर बॅगही नुकतीच उचललेली! बाल्कनीच्या कडीला काकूंनी आता कुलूपही घातलं.

दुपारी आरोग्यखात्याच्या बाई आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, नुसते डोळे दिसत होते. हातात छापील अर्ज. जिन्यात प्रत्येक मजल्यावर कठड्याला डोकी लागलेली, जिन्याच्या पोकळीत आजींची टोपलीसुद्धा अर्ध्यावर थांबून ऐकत होती.

"या महिन्यात प्रवास केला? हो की नाही?" बाईंनी विचारलं. "'हो' असेल तर चौदा दिवस हे दार बंद. समोरचंही. आणि लिफ्ट सगळे वापरतात, म्हणजे अख्खी इमारत."

जिन्यात "अरे देवा!" असा एकच सूर उमटला.

"नाही," आत्या म्हणाली.

"मग हे बूट?" बाईंनी फोटो पुढे धरला.

आत्याने तोंड उघडलं. टकळीला दिसलं की ती आता सगळं सांगणार, आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन सांगणार. ती पुढे झाली.

"बूट मी चिकटवलेत!"

"काय?"

"फोटोत! आत्या कुठेच गेली नव्हती! थांबा, पुरावा देते!" ती आत पळाली आणि बूट घेऊन आली. उलटे करून दाखवले. तळव्यावर मातीचा कण नाही, मापाचा कागद अजून तसाच चिकटलेला. "आणि फोटोत डाव्या बुटाची टाच बघा. बाजाराच्या जमिनीवर हा निळा दांडा दिसतोय ना? ती आमची न्हाणीघरातली बादली आहे!"

सगळ्या इमारतीने आपापल्या फोनवर टाच मोठी केली.

"दांडा आहे खरा," पांढऱ्या पोशाखातून आवाज आला. बाई अर्ज विसरल्या होत्या. "पण सावली कशी जुळवलीस गं? माझ्या मुलीला शिकवशील?"

मग भानावर येऊन त्यांनी "नाही" वर खूण केली.

बाल्कनीचं कुलूप उघडलं. काका बाहेर आले, एका बाजूने उन्हाने लाल झालेले. "म्हणजे मी सव्वातीन तास उगाच बसलो?" त्यांनी विचारलं. काकूंनी घाईघाईने त्यांच्या हातात ताकाचा पेला दिला.

"म्हणजे ताई," व्यायामशाळेवाले दुसऱ्या मजल्यावरून केविलवाण्या आवाजात म्हणाले, "मागचं गेट..."

"बंदच आहे हो. मी तरी कुठे पाहिलंय उघडं?"

एकेक डोकं कठड्यावरून मागे गेलं. टोपली सावकाश वर निघून गेली.

संध्याकाळी आत्याने दोन कामं केली. ब्लॉगवर लिहिलं, "चारही प्रवास जुने आहेत, बूट त्यात नव्हते, मी घरी आहे." आणि बूटकंपनीच्या माणसाला स्वतः फोन केला. टकळीचं नाव तिने घेतलं नाही. "माझ्या ब्लॉगवर आलं, म्हणजे चूक माझी," एवढंच म्हणाली. टकळी शेजारी बसून हे सगळं ऐकत होती आणि ओरडा खाल्ला असता तर किती बरं झालं असतं असं तिला वाटत होतं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"ताई, मग हा करार संपला," तो माणूस म्हणाला.

"बरोबर आहे."

"तसंही खरं सांगू का? बूट कुणी घेतच नाहीये. जाणार कुठे घालून? गोदाम भरलंय." तो घुटमळला. "आम्ही आता घरात घालायच्या सपाता काढल्यात. बारा जणांना लिहायला दिल्या, बाराही जणांनी 'ढगांवर चालल्यासारखं वाटतं' असं लिहिलं. न विचारता खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. लिहाल? फक्त एक अट. तळवा झिजेपर्यंत खरोखर चालायचं, आणि झिजलेला तळवा आम्हाला पाठवायचा."

जिने दऱ्याखोरी पालथी घातली, तिच्यासमोर आता सपाता! आत्याने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा रिकाम्या दिनदर्शिकेकडे.

"लिहीन," ती म्हणाली. फोन ठेवला आणि टकळीकडे वळली. "लिहायचं काम माझं. झिजवायचं तुझं."

आता तीन आठवडे झालेत. टकळी रोज न्हाणीघर ते बाल्कनी अशा चारशे फेऱ्या घालते. वहीत दर फेरीला एक काडी. समोरच्या बाल्कनीतून सेक्रेटरीकाका आवाज देतात, "कुठवर पोचलीस गं?" आणि ती म्हणते, "आत्ता फ्रिजपाशी!" पायांचे तुकडे पडलेत, पण सपातांच्या तळव्यावर अजून ओरखडासुद्धा नाही! असला टिकाऊ माल कुणी बनवतं का?

काल शेवटी तिने अगदी सहज, आवाज मऊ करून विचारलं, "आत्या, मी काय म्हणते, बाल्कनीच्या कठड्याच्या दगडावर थोड्याशा घासू का?"

आत्याने वहीतून मान वर केली आणि चष्म्याच्या वरून नुसतं पाहिलं.

टकळी उठली आणि चालायला लागली.